टोपलीचा खेळ कशानं सुधारला

आमच्या ओट्यावर आबांची शिलाई मशीन होती आणि ओट्यासमोर शाळेचं मैदान. या दोन गोष्टी समोरासमोर आल्यामुळं आमच्या दारात जितकी भांडणं झाली, तितकी वाटण्यांवरून भावाभावांत होत नसतील. आणि ती सगळी एका चेंडूपायी.

हिंगोलीत तेव्हा निजामाचं राज्य. शाळा उर्दूत, सुट्टी जुम्म्याची. पलटणीची छावणी माझ्या जन्माआधीच उठून गेली होती, पण कडेला उभं राहून दुसऱ्याचा खेळ बघायचा आणि त्याला अक्कल शिकवायची, ही सवय ती गावाला लावून गेली. म्हणून नवे ड्रिल मास्तर आले आणि त्यांनी मैदानाच्या दोन टोकांना दोन उंच खांब पुरले, तेव्हा अर्धा गाव बघायला जमला. कुणी म्हणालं कंदील टांगणार, कुणी म्हणालं तारेचं ऑफिस येऊन राहिलं.

मास्तरांनी बास्केटबॉल असं नाव सांगितलं. गावानं ते ऐकलं आणि बाजूला ठेवलं. बास्केट म्हणजे टोपली, तर हा टोपलीचा खेळ. मास्तरांनी बुरुडाला दोन टोपल्या सांगितल्या, पण बूड ठेवू नका म्हणाले. बुरूड हात जोडून म्हणाला, "मास्तर, बिनबुडाची टोपली माह्या हातून व्हायची न्हाई. लोक म्हणतील, याला इणता येत न्हाई." आणि त्यानं दोन सुरेख, घट्ट बुडाच्या टोपल्या आणून दिल्या. पहिले काही दिवस चेंडू आत पडला की आतच बसे. मग खेळ थांबायचा आणि खालून बांबूनं ढोसून चेंडू काढायचा. आमच्या आत्याला एवढाच भाग आवडे. पुढं लोहारानं लोखंडाच्या कड्या करून दिल्या, पण नाव टोपलीचं राहिलं ते राहिलंच.

आता माझं सांगते. मी आबांची पोरगी, तेव्हा परकरातली. शाळा मुलांची, मी बघायची ओट्यावरून. आबांना म्हटलं मला अक्षरं शिकायचीत, की ते म्हणायचे पुढल्या साली बघू. असं पुढलं साल दर साली पुढं जाई. आत्याचं तर ठाम मत, की पोरीला वाचता आलं की ती सासरच्या घरातले कागद वाचत बसते आणि भाकरी करपते.

पण मास्तर आले ते बायकोला आणि तान्ह्या लेकराला घेऊन आले, आणि आमच्याच बोळात राहिले. काकू वाशिमकडच्या. तिकडं वऱ्हाडात इंग्रजी अंमल, मराठी शाळा, त्यामुळं काकू चौथी शिकलेल्या. मी लेकरू सांभाळायला म्हणून त्यांच्याकडं जायची. लेकरू मांडीवर झोपलं की काकू चुलीपुढं राख पसरायच्या आणि बोटानं एक अक्षर काढायच्या. मी गिरवायची. कुणी दारात आलं की काकू त्यावरून हात फिरवायच्या, झालं, ग म भ न सगळं राखेत. असं करत मी मुळाक्षरं ओलांडून काना-मात्रांपाशी आले होते.

आणि नेमकं तेव्हाच मास्तरांवर संकट आलं. त्या हिवाळ्यात आजूबाजूच्या तालुक्यांच्या शाळांशी सामने ठरले होते, आणि आमची पोरं एकामागून एक हरत चालली होती. हेडमास्तरांनी मास्तरांना स्वच्छ सांगितलं, की असंच चाललं तर संक्रांतीनंतर खांब उपटून टाकू, बाजाराच्या दिवशी तिथं गाड्या सोडायला जागा होईल, आणि तुम्ही आल्या गावी परत जा. ते आलं गाव म्हणजे कुठं रानात होतं, पावसाळ्यात तिथून बाहेर पडायला वाट नव्हती. काकू मला हे सांगताना राखेत रेघा ओढत होत्या. मला एवढंच कळलं, की मास्तर गेले की काकू गेल्या, आणि काकू गेल्या की माझ्या काना-मात्रा गेल्या. तेव्हापासून त्या चेंडूत माझा जीव अडकला. गावातली बाकी माणसं हौसेनं बघत, मी काना-मात्रांसाठी बघायची.

हरायचं कारण मात्र कुणाला उमजत नव्हतं. पोरं उंच होती, तगडी होती. एकटा एकटा पोरगा चेंडू छान टाकायचा. पण सामना सुरू झाला की काय व्हायचं, मास्तर कडेला उभे राहून ओरडायचे, "पास! पास!" आणि ज्याच्या हातात चेंडू, त्याच्याभोवती बाकीचे चौघं धावत येऊन गोळा व्हायचे. पाच पोरांचा घड आणि मधे चेंडू. समोरचे यायचे आणि घडातलं केळं तोडावं तसा चेंडू काढून न्यायचे. मास्तर आणखी ओरडायचे, पोरं आणखी चिकटायची. मधल्या सुट्टीत मास्तर कपाळाला हात लावून सांगायचे, अरे दूर दूर राहा. पोरं माना डोलवायची, दूर उभी राहायची, आणि पुन्हा "पास" ऐकलं की मेंढरांसारखी एकत्र. पोरं घरी जाऊन म्हणायची, मास्तरांचं काही खरं नाही, घडीत दूर म्हणतात, घडीत पास म्हणतात.

आमच्या ओट्यावर रोज संध्याकाळी यावर दरबार भरायचा. आबा मशीन चालवता चालवता बोलायचे. शेजारी तालमीचे उस्ताद बसायचे, मांडी घातली की तिघांची जागा घेणारे. आणि बांगडीवाले चाचा आपली बांगड्यांची माळ उतरवून खांबाला टेकायचे. त्यांचा भाचा त्या पाचांत होता, मोठा आळशी, त्याला धावायचा कंटाळा. उस्तादांना पोरं गोळा होतात ते फार आवडायचं. पोरांत एकी हाय, म्हणायचे. आबा म्हणायचे, एकी हाय पण चेंडू न्हाई. मास्तरांवर तर तिघांचाही राग. स्वतः खेळत नाही, नुसता कडेला उभा राहून बोंबलतो, त्याचा पगार कशाचा, असं उस्ताद विचारायचे. स्वतः ते तालमीत बाजेवर बसूनच ओरडायचे, पण ते वेगळं.

आणि मग एका जुम्म्याला ती गोष्ट झाली, जी मास्तर, काकू आणि मी सोडून हिंगोलीत कुणाला ठाऊक नव्हती.

दुपारची वेळ. मी काकूंच्या लेकराला मांडीवर घेऊन भिंतीशी बसले होते. मास्तर जेवत होते, म्हणजे ताटावर होते, जीव सगळा मैदानात. आदल्या दिवशीच आणखी एक सामना हरले होते. काकू चुलीपाशी पाटावर. मास्तरांच्या ताटातला ठेचा संपला तसा त्यांनी नजर न उचलता हात पुढं केला आणि म्हणाले, "पास." काकूंनी माझ्याकडं बघितलं आणि पाट थोडा पुढं सरकवला. मास्तर हात हलवत पुन्हा म्हणाले, "पास, पास." काकू आणखी सरकल्या. मास्तरांनी तिसऱ्यांदा तेच म्हटलं. तेव्हा काकू लाजून लाल झाल्या आणि हळूच म्हणाल्या,

"अवो, मांडीले मांडी लागली, आता अजून किती पास येऊ? पोरगी पाहून राहिली ना."

मास्तरांनी मान वर केली. बायको ताटाला लागून बसलेली, ठेचा तिकडं चुलीपाशी.

"तू इकडं कशाला सरकलीस?"

"तुमीच तर मनता, पास पास."

मास्तरांचा हात तसाच हवेत राहिला. मला वाटलं, आता रागावतात. पण ते एकदम असे हसत सुटले, की ठेच्याचा ठसका नाकात गेला आणि काकूंना पाणी घेऊन धावावं लागलं. लेकरू दचकून उठलं ते वेगळंच. आमच्या गावात पास म्हणजे जवळ, हे मास्तरांना ठाऊक होतंच, तेही काही परदेशातून आले नव्हते. पण ड्रिलच्या शाळेत ते इंग्रजी पास शिकले, म्हणजे चेंडू दुसऱ्याला दे, आणि शिकल्यावर घरातला अर्थ विसरून गेले. पोरांना कुणी नवा अर्थ सांगितलाच नव्हता. मास्तर पास बोलावतात म्हणून बिचारी जात होती. एवढी आज्ञाधारक पोरं दुसऱ्या कुठल्या शाळेत नसतील.

मास्तर उष्ट्या हातानं उठले आणि येरझाऱ्या घालू लागले. आता काय ओरडायचं? फेक म्हणावं तर उस्तादांच्या तालमीतली दोन पोरं समोरच्या गड्यालाच फेकतील. शेवटी काकूच म्हणाल्या, "नुसतं दे मना ना. मराठी पोट्टेही समजतीन अन् मुसलमानाचेही."

मग काकूंनी मला जवळ घेतलं. म्हणाल्या, हे बाहेर बोलायचं नाही, दोन महिने मास्तर पोरांना उलटं शिकवत होते हे कळलं तर गावात त्यांची इज्जत राहायची नाही. मी त्यांचं झाकायचं, त्या माझं झाकतील. मी राखेवर हात ठेवून शपथ घेतली, कारण त्या घरात मला त्याहून पवित्र काही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मैदानावर "दे! दे!" सुरू झालं आणि आमची पोरं जिंकायला लागली. एक सामना, मग दुसरा, मग तिसरा. चेंडू या हातातून त्या हातात असा फिरू लागला, की बघणाऱ्याची मान दुखावी.

आणि ओट्यावर खरी लढाई तेव्हा पेटली. हरत होते तोवर सगळ्यांचं एकमत होतं, जिंकायला लागल्यावर भांडण.

आबांचं म्हणणं, हे सगळं चड्ड्यांमुळं. पोरं आधी पायघोळ पायजमे घालून खेळायची. त्याच सुमारास आबांनी पाचही जणांना गुडघ्यावर चड्ड्या शिवून दिल्या होत्या. पाय मोकळा झाला, खेळ मोकळा झाला. उस्ताद म्हणाले, चड्डीनं कोणी पहिलवान होत असता तर शिंप्याच्या घरी गदा असत्या. त्यांनी पोरांना सकाळी तालमीत बोलावून बैठका आणि शेरभर दूध सुरू केलं होतं, त्याचा हा गुण. एका सामन्याच्या दिवशी म्हशीनं लाथ मारली, दूध सांडलं, पोरांना थेंबही मिळाला नाही, तरी जिंकली. आबांनी लगेच विचारलं, आज कशानं जिंकले? उस्ताद शांतपणे म्हणाले, कालच्या दुधानं.

पुढच्याच सामन्यात एका पोराच्या चड्डीची नाडी तुटली आणि तो एका हातानं चड्डी धरून उरलेला वेळ खेळला. आता उस्तादांची पाळी होती. पण आबा कसले ऐकतात. "नाडी तुटली," म्हणाले, "शिलाई तुटली का?"

आत्या दाराआडून म्हणायची, तुम्ही मेले सगळे आंधळे. लोहारानं कड्या बसवताना एक खांब जरा फिरवला, दक्षिणेचं तोंड गेलं, दोष गेला. तिनं पुरा खेळ एकदाही बघितला नव्हता.

पण सगळ्यांची तोंडं बंद करायचे ते चाचा. ते बिडी विझवून, हात झटकून म्हणायचे, "हमारे पोट्टे अच्छे नै हुए मियाँ. सामने के खराब निकले." आबा मशीनचं चाक जोरात फिरवायचे. एकदा रागाच्या भरात त्यांनी एका सावकाराच्या सदऱ्याला तीन बाह्या लावल्या.

मास्तरांचं नाव मात्र कुणीच घेईना. पोरं सुधारली यात शिकवणाऱ्याचा काही हात असेल, हे ओट्याच्या हिशेबातच नव्हतं. मी आत बसून लसूण सोलायची आणि ओठ दाताखाली धरायची. त्या महिन्यात मी एवढा लसूण सोलला, की आत्या मला शहाणी म्हणू लागली.

अजून एक सामना उरला होता. ज्या संघानं आम्हाला सुरुवातीला धुऊन काढलं होतं, तोच रेल्वेनं आमच्याकडं येणार होता. हेडमास्तरांनी तो बघायला तालीम खात्याच्या, म्हणजे शाळांवरच्या, मोठ्या साहेबांना बोलावलं होतं, आणि निकाल त्या दिवसावर ठेवला होता. जिंकले तर खांब राहतील, मास्तर राहतील. मी तेव्हा अनुस्वारापर्यंत आले होते. जोडाक्षरं बाकी होती. काकू म्हणाल्या होत्या, ती अवघड असतात, त्याला सगळा उन्हाळा लागेल.

सामन्याला एवढी गर्दी झाली, की आमच्या ओट्यावर पाय ठेवायला जागा राहिली नाही. आबांनी बायकांसाठी एका अंगाला धोतर बांधून आडोसा केला. त्यामागं आत्या, काकू आणि लेकराला घेऊन मी. समोरचे खरंच चांगले होते, चाचांनाही त्यांना खराब म्हणता येईना. त्यांनी एक टोपली केली की आमची एक. असं करत बरोबरी झाली आणि वेळ संपत आली. मास्तर कडेला उभे, घामानं सदरा चिकटलेला, आवाज बसलेला. चेंडू आमच्या एका पोराकडं आला, समोर दोघे आडवे, आणि घाईघाईत मास्तरांच्या तोंडून तोच जुना शब्द सुटला.

"पास! पास!"

काकूंनी माझा दंड एवढा दाबला, की हिरवा डाग चार दिवस होता. जुनी सवय कुठं जाते, आमची तीन पोरं धावत चेंडूवाल्याला जाऊन चिकटली. पण गंमत अशी, की समोरची पोरंही आपल्याच मुलखातली. पास ऐकून तीही पाचच्या पाच त्याच गर्दीत शिरली. मैदानाच्या मधोमध नऊ जणांची जत्रा, आणि टोपलीखाली कुणी नाही. कुणी नाही म्हणजे, चाचांचा भाचा तेवढा होता. त्याला धावायचा कंटाळा, म्हणून तो कुणी बोलावलं तरी गेला नव्हता. कमरेवर हात ठेवून एकटा उभा होता.

काकूंना नवऱ्याला हाक मारायची सोय नव्हती. त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "मन ना व माय, दे मन."

मी धोतर बाजूला केलं आणि होता नव्हता तेवढा जीव काढून ओरडले, "दे!"

त्या गर्दीतून चेंडू वर उडाला तो सरळ भाच्याच्या हातात. त्यानं इकडं तिकडं बघितलं, कुणीच आडवं येत नाही हे बघून जरा वाईट वाटल्यासारखा चेहरा केला, आणि चेंडू कडीत टाकला. शिट्टी झाली.

पुढं काय गोंधळ झाला तो सांगत नाही. आबांनी उस्तादांना मिठी मारली, म्हणजे जेवढे हातात मावले तेवढे. मग वळून मला म्हणाले, तुला काय कळतं गं, काहून ओरडलीस? मी म्हटलं, लेकरानं माझी वेणी धरली होती, त्याला म्हणत होते. आबा उस्तादांकडं वळले, पण आत्या लेकराकडं बघत राहिली. ते तर गाढ झोपलं होतं.

मोठे साहेब मात्र खुर्चीतून उठून मास्तरांजवळ आले. सगळ्यांना एका जागी ओढायचं आणि एक गडी गुपचूप टोपलीखाली ठेवायचा, अशी चाल त्यांनी हैदराबादेतही बघितली नाही म्हणाले. मास्तर काय बोलणार, मान खाली घालून उभे. साहेबांना वाटलं केवढा नम्र माणूस. आणि आठ दिवसांत हुकूम आला. तरक्की. मास्तरांना जिल्ह्याच्या मोठ्या शाळेत नेमलं होतं.

मी नवस बोलले होते, की मास्तर जिंकू देत म्हणजे राहतील. देवानं अर्धाच ऐकला. हरले असते तर गेले असते, जिंकले म्हणूनही गेले. लहान होते, मला हा हिशेब कुणाला विचारावा तेही कळेना. मी काकूंच्या रिकाम्या होत चाललेल्या घरात बसून लेकराला थोपटत राहिले. चूल विझवली होती, राख गार होती.

निरोप द्यायला सगळा ओटाच टेसनावर गेला. मीही गेले, लेकराला कडेवर घेऊन. गाडी लागलेली, काकू जनान्या डब्यात खिडकीशी. आणि या मंडळींनी मास्तरांना फलाटावर घेरलं. आबा म्हणाले, आता तुम्ही चाललाच, तर जाता जाता खरं सांगून जा, आपली पोरं कशानं सुधारली? मास्तरांनी एकदा खिडकीकडं बघितलं. मग आबांना म्हणाले, चड्ड्या फारच उत्तम होत्या. उस्तादांना म्हणाले, दुधाला तोड नाही. चाचांना म्हणाले, समोरचेही जरा कच्चेच होते. तिघं एकदम खूश झाले आणि एकदम भांडायला लागले, कारण प्रत्येकाला वाटलं मास्तर आपल्यालाच खरं बोलले.

मी लेकराला काकूंच्या हातात दिलं. रडू येऊ नये म्हणून दुसरीकडं बघायला लागले, तर समोर टेसनाची पाटी. वर इंग्रजी, खाली उर्दू आणि त्याखाली आपली अक्षरं. ही पाटी मी आधीही बघितली होती, पण तेव्हा ती नुसती पाटी होती. आता तिच्यावरची रेघ न् रेघ मला ओळख देत होती. माझ्याही नकळत मोठ्यानं निघून गेलं,

"हिं. गो. ली. हिंगोली!"

भांडण थांबलं. आबांनी पाटीकडं बघितलं, मग माझ्याकडं. चाचा म्हणाले, "अरे, ये तो पढ़ रही है."

"कोणी शिकवलं?" आबांनी विचारलं.

मी परकराचा काठ चुरगाळत उभी. तेवढ्यात काकू खिडकीतून म्हणाल्या, "म्या शिकवलं, भाऊजी. रागवाचं असन तर मले रागवा, पण लवकर. गाडी सुटून राहिली."

शिट्टी झाली. गाडी हलली. आबा डब्याबरोबर चार पावलं चालत गेले आणि अगदी मोसमाच्या मधे शिकवणारा निघून जातोय अशा काळजीनं त्यांनी विचारलं, "अवो वहिनी, मग आता उरलं काय हिचं?"

"जोडाक्षरं," काकू ओरडल्या. "तेवढी देजा तिले."

देणार कोण? आमच्या घरात कुणाला येत नव्हती. पण त्या दिवसापासून आबा कापडाच्या ठाणांवरचे कागद, वाशिमहून आलेल्या मालाला गुंडाळलेली वर्तमानपत्रं, जे छापील दिसेल ते घरी आणू लागले आणि माझ्यापुढं टाकू लागले. दे म्हटलं की द्यायचं, एवढं ते त्या हिवाळ्यात शिकले होते. मी एकेका जोडाक्षराशी कुस्ती खेळून ती आपली आपणच चीत केली. काही अजून चीत व्हायचीत, हे वाचताना तुम्हाला कळलंच असेल. आत्याही जवळ येऊन बसायची. भाकरी करपतात का ते बघायला, असं म्हणायची.

खांब मैदानावर पुष्कळ दिवस राहिले. आणि ओट्यावर संध्याकाळी नवा वाद सुरू झाला, शिंप्याची पोरगी वाचायला कशानं लागली. आबा म्हणायचे, माझ्या हातातली बारीक शिलाई तिच्या डोळ्यांत उतरली. उस्ताद म्हणायचे, लहानपणी त्यांच्याच म्हशीचं दूध होतं. चाचा आधी दोघांचंही ऐकून घ्यायचे, बिडी विझवायचे आणि हात झटकून म्हणायचे,

"हमारी पोट्टी होशियार नै हुई मियाँ. अक्षर आसान निकले."